बातमीदार आणि गार बट्टी

बातमीदार दात घासायच्या आधी बातम्या द्यायचा. धुळ्याला देवपुरातल्या आमच्या वसतिगृहात सकाळी पाण्याची मोटार सुरू झाली, की हा खाटेवर पांघरुणासकट मांडी घालून बसायचा आणि घसा खाकरायचा. "ठळक बातम्या. पुलापाशी भरताची वांगी आली आहेत. पण घेऊ नका, त्यांना अजून थंडी लागलेली नाही. मेथी जमिनीवर आली, कोथिंबिरीचा माज कायम. आणि आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार शिंदखेड्याहून एक डबा आला आहे. त्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत. मालक अजून झोपलेला आहे."

मालक मी होतो. डबा मी अजून उघडलाही नव्हता.

हा रावेरकडच्या केळीवाल्या घरातला. खाण्याशिवाय दुसरा विषय नाही, आणि अंगाने मात्र पऱ्हाटीच्या काडीसारखा. खाल्लेलं जातं कुठे, हे त्याच्या आईलाही कळत नव्हतं. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं.

मला तो 'पत्रक' म्हणायचा. माझे आबा चळवळीतले. आमच्या घरात कोऱ्या वह्यांपेक्षा उरलेली पत्रकं जास्त. मी बाराखडी त्यांच्याच मागच्या बाजूला गिरवली. पान उलटवलं की 'जाहीर निषेध!' त्यामुळे देशात इतका अन्याय चालू असताना एका तरुणाने वांग्याला थंडी लागली की नाही याची काळजी वाहावी, याचा मला मनापासून संताप यायचा. एकदा मी त्याला तसं सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवला का तू?"

"नाही."

"मंग बरोबर आहे. आधी ताट, मंग मत."

त्याच्या खाटेखाली एक विजेची शेगडी होती. खोलीत स्वयंपाकाला बंदी होती, म्हणून फोडणी टाकायच्या आधी तो उदबत्ती लावायचा. दिवसातून तीनदा उदबत्तीचा वास येतो म्हणून रेक्टरसाहेब इतर मुलांना त्याचं उदाहरण द्यायचे. "बघा, शिकून सवरून मुलगा किती भाविक आहे!" आणि हा भाविक मुलगा दार लावून डाळ घोटत असायचा. तळलेलं काही असलं की माझ्या गठ्ठ्यातली दोन पत्रकं ओढायचा. "तुझा कागद तेल चांगला पितो भो," म्हणायचा. 'युवकांनो, जागे व्हा!' यातला 'जागे' मी अनेकदा भज्यांखाली पाहिला आहे.

शेवटी त्याला लाल मिरचीने दगा दिला. एका संध्याकाळी त्याने ठेच्यावर कडकडीत तेल ओतलं आणि अख्खा मजला ठसकू लागला. रेक्टरसाहेब शिंकत शिंकतच आले. उदबत्ती जळत होतीच. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कढईकडे, आणि शेगडी काखेत मारून निघून गेले. भक्तीचा असा शेवट त्यांनाही झेपला नसावा.

आता त्याच्यासमोर फक्त मेस उरली. आमच्या मेसच्या डाळीतून ताटाचा तळ स्वच्छ दिसायचा. रविवारी मेजवानी म्हणून वरण-बट्टी. बट्टी म्हणजे गहू-मक्याच्या जाड पिठाचे गोळे. उकडायचे, कापायचे, तुपात तळायचे आणि गरमागरम वरणात कुस्करून हाणायचे. मेसवाला ते गोळे शनिवारीच तळून ठेवायचा. बातमीदाराने पहिल्याच रविवारी एक बट्टी ताटावर ठोकून पाहिली. "गार बट्टी खायची नसते भो. घराच्या पायात भरायची असते."

चार घास खाऊन तो उठायला लागला. सकाळच्या बातम्या बंद पडल्या. गावाहून वडिलांचे फोन येत होतेच, की केळीला माणूस मिळत नाही, शिक्षण पुरे झालं, घरी ये. त्याला पदवी हवी होती. घरातला पहिलाच तो. एक दिवस पुस्तक मिटून म्हणाला, "अर्ध्या पोटी मले काही पाठ होत नाही. ही दिवाळी पाहतो. जेवण असंच राह्यलं तर जातो मी केळीत."

मी तत्काळ पत्रक लिहायला घेतलं. 'निकृष्ट आहार : गरिबांच्या शिक्षणाविरुद्धचा कट'. आजही सांगतो, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मेसवाला संस्थेच्या अध्यक्षांचा साडू होता, ठेका त्यालाच मिळाला होता आणि ज्या मुलांना बाहेर खायला पैसे नाहीत, त्यांच्याच ताटात ही डाळ पडत होती. आम्ही पत्रक वाटलं, दारावर चिकटवलं. रेक्टरसाहेबांनी शुद्धलेखनाची एक चूक दाखवून ते परत केलं.

"आता उपोषण!" मी जाहीर केलं. अध्यक्ष पुढच्या रविवारी झाडं लावायला वसतिगृहात येणार होते. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांच्या गाडीसमोरच बसायचं ठरवलं.

"उपास मले जमणार नाही," बातमीदार म्हणाला.

"मग काय करायचं?"

"त्याइले जेवाले बोलाव."

मी इतका चिडलो, की दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. शोषकाला पंगत? पण उपोषणाला माझ्यासकट तिघंच तयार होते आणि जेवणाला सगळं वसतिगृह. लोकशाही म्हणून मी माघार घेतली.

रविवारी मुलांनी मेस धुऊन काढली, पाटांभोवती रांगोळी घातली. बातमीदार टोपी घालून स्वतः वाढायला उभा. नाना खूश होऊन मधल्या पाटावर बसले. एवढ्यात आतून मेसवाला आला. हातात वेगळं ताट. तुपात पोहणारी ताजी बट्टी, वर पिवळंधमक वरण.

बातमीदार हात जोडून आडवा झाला. "नाना, तुम्ही मागच्या भाषणात म्हणाले होते, पोरं म्हणजे तुमचं घर. मंग घरात पंक्तिप्रपंच कशाला?"

एका पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला पाणी वाढणं आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट. सगळी पंगत नानांकडे बघत होती. नाना भाषणाच्या आवाजात म्हणाले, "छे छे! जे मुलांना, तेच मला!" मेसवाला ताटासकट जागीच थिजला.

मग बातमीदाराने त्याच बादलीतली डाळ आणि त्याच परातीतली बट्टी वाढली. नानांनी बट्टी बोटांनी दाबली. मुठीत दाबली. पाटाच्या कडेवर आपटली. ती निसटली आणि घरंगळत रेक्टरसाहेबांच्या गुडघ्याला जाऊन लागली.

नाना व्यासपीठावर कायम शुद्ध बोलत. त्या दिवशी तोंडातून घरची बोली निघाली. "हाई काय शे?"

"बट्टी शे, नाना," मी मागून म्हणालो.

"हाई तुम्ही रोज खातस?"

"रोज कुठे, नाना," बातमीदार अदबीने म्हणाला. "रविवारीच. मेजवानी आहे ही." आणि दुसरी बट्टी वाढली. "ही एक माझ्या आग्रहाची."

पाहुण्याने आग्रहाचं टाकायचं नसतं. नानांनी टाकलं नाही. डाळीत भिजवून, घोटाघोटाला पाणी पीत, ते शेवटपर्यंत जेवले आणि मग उठून साडूकडे बघितलं. ती नजर मला माझ्या कुठल्याच पत्रकात उतरवता आली नसती.

त्याच आठवड्यात ठेका गेला. मेस मुलांच्या समितीकडे आली आणि अर्थातच डाव बातमीदाराच्या हातात. रेक्टरसाहेबांनी शेगडी परत दिली. वर कानात सांगितलं, तो ठेचा असेल तेव्हा एक वाटी खाली पाठव. दिवाळी झाली, तो गेला नाही. सकाळच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या. अभ्यासही झाला असावा, कारण तो पास झाला. शेवटच्या पेपरनंतर मी त्याला धुळ्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. मांडीवर शेगडी घेऊन तो खिडकीत बसला आणि गाडी हलताना ओरडला, "जेवत जा रे, पत्रक!"

आता तो केळी बघतो आणि भल्या सकाळी फोनवर आवाज पाठवून बातम्या देतो. मी अजून पत्रकं लिहितो. गेल्या हिवाळ्यात मुलींच्या अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही जळगावला एका कार्यालयासमोर दिवसभराच्या उपोषणाला बसलो होतो. ऊन वर आलं तेव्हा मोटारसायकल थांबली. बातमीदार. टॉवेलात गुंडाळलेला डबा घेऊन माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसला.

"संध्याकाळी सोडशील ना? म्हणून आणला. आत्ताच तळल्या बट्ट्या."

"मग तू तरी गरम खा."

त्याने मान हलवली. दुपार चढली तसा त्याचा चेहरा उतरत गेला. आयुष्यात एकही जेवण न चुकवलेला माणूस. मधूनच क्षीण आवाजात म्हणायचा, "ठळक बातमी. समोर कचोरी तळू राह्यले. तेल जुनं आहे." मुली हसायच्या. मी तिसऱ्यांदा सांगितलं, अरे बाबा, खाऊन घे, उपोषण आमचं आहे, तुझं नाही.

"तू उपाशी, अन् मी तुझ्या शेजारी बसून खाऊ?" तो म्हणाला. "पंक्तिप्रपंच होतो भो."

दिवस मावळल्यावर मुलींनी लिंबूपाणी घेतलं, मी घेतलं, त्याने घेतलं. मग त्याने टॉवेल सोडला, डबा उघडला, बट्टी बोटाने दाबून पाहिली. आम्हा सगळ्यांना एकेक वाढली, शेवटची स्वतः घेतली. पहिला घास बराच वेळ चावला. आणि घसा खाकरला.

"ठळक बातमी. बट्टी गार आहे. चालते."