डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट

“तडीरी, मास्तर, तडीरी.”

एवढं म्हणून अज्जा उजव्या हाताचा ओला पंजा वर करायचे, आणि आपण होतो तिथे थांबायचो. तडीरी म्हणजे थांबा हो. आमच्या धारवाडकडचं कानडी. त्यातला शेवटचा ‘री’ असा आर्जवी, की हुकूम कुठे संपला आणि विनंती कुठे सुरू झाली ते ऐकणाऱ्याला कळत नसे. पंजा ओला असायचा, कारण त्यांचे हात दिवसभर पाण्यातच असत. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ते हमाल होते. बाटल्या, काचनळ्या धुवायच्या, पुसायच्या आणि फळीवर जागच्या जागी लावायच्या, हे त्यांचं काम.

प्रयोगशाळा हे नाव मोठं. खरं म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली, दोन टेबलं आणि एक कपाट. पण त्या खोलीत एकोणीस वर्षांत अज्जांच्या हातून एकही काच फुटली नव्हती. हे ते स्वतः कधी सांगत नसत. हेडमास्तर सांगत, तेही एखाद्या मुलाच्या हातून नळी फुटली म्हणजे. पोरं त्यांना अज्जा म्हणत, म्हणजे आजोबा. आम्ही मास्तर लोकही अज्जाच म्हणत असू, पण पुढे अरे-तुरे. “अरे अज्जा, ती बाटली आण.” मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि ते पंचावन्नच्या पुढचे. तुम्ही शाळेत शिकला असाल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाहिली असतील म्हणजे त्यांना कामं सांगितली असतील.

मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. ती अक्षरं मी दारावरच्या पाटीवर माझ्या नावापेक्षा मोठी रंगवून घेतली होती. वर्गात नाकाच्या उभ्या छेदाचं चित्र फळ्यावर मी इतकं सुरेख काढायचो, की दुसऱ्या तासाचे मास्तर ते पुसायला कचरत. हा तपशील लक्षात ठेवा, कारण पुढे जे सांगणार आहे ते याच नाकतज्ज्ञानं केलं आहे.

मुलगी झाली ती हुबळीला, केशवापुरात, बायकोच्या माहेरी. तीन महिन्यांची झाल्यावर बायको तिला घेऊन धारवाडला आली. माझी आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघं नवशिके आणि एक तान्हं मूल. त्यातून थंडीचे दिवस. आल्यावर आठ-दहा दिवसांतच पोरीचं नाक चोंदलं.

मोठ्या माणसाचं नाक चोंदलं तर ते कुरकुरतं आणि तोंडानं श्वास घेतं. तान्ह्या मुलाला ते नीट जमत नाही, आणि दूध ओढताना तर मुळीच नाही. आमची पोर दोन घोट घ्यायची, गुदमरून सोडायची, रडायची, पुन्हा तोंड लावायची, पुन्हा सोडायची. दोन दिवस हेच चाललं होतं. भुकेनं रडायची आणि रडून नाक आणखी भरायचं.

शेजारच्या काकूंनी उपाय सांगितले. नाकात कोमट तेल सोडा. ओव्याची धुरी द्या. नाहीतर आईनं तोंडानं ओढून काढावं, आम्ही सगळ्यांनी तेच केलं. मी काकूंना तेल फुफ्फुसात कसं उतरू शकतं यावर एक व्याख्यान दिलं, धुरानं नाजूक त्वचा कशी सुजते यावर दुसरं दिलं, आणि काकू आपली चुलीवरची कढई बघायला निघून गेल्या. माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण दुसऱ्याचा उपाय चुकला म्हणजे आपला आपोआप बरोबर ठरतो, असं मी धरून चाललो होतो.

माझा पहिला शास्त्रीय उपाय म्हणजे आगकाडी. तिच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि आत काय आहे ते कोरून काढायला गेलो. पोरीनं मान झटकली. कापसावर रक्ताचा एक ठिपका आला. बायकोनं माझ्या हातातून काडेपेटी काढून घेतली.

“आता काडी हातात घ्यायची ती चूल पेटवायला,” ती म्हणाली. “माझ्या पोरीजवळ नाही.”

अपमान मोठा होता. दुसऱ्या दिवशी शाळेत मी हवेचा दाब शिकवत होतो, आणि शिकवता शिकवता मला साक्षात्कार झाला. निमुळती काचनळी, तिच्या मागे रबराची टोपी. टोपी दाबून धरायची, नळीचं टोक नाकाशी न्यायचं, टोपी सोडायची. आतला मळ आपोआप नळीत! मुलं गेल्यावर फळीवरची अशी एक नळी मी उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

नळी मी घंगाळातल्या पाण्यात बुडवून काढली. बायकोला पोरीचं डोकं धरायला सांगितलं.

“दुखणार नाही ना तिला?”

“हवेचा दाब कुणाला दुखत नाही,” मी म्हणालो.

टोपी दाबून मी वाकलो. तेवढ्यात दाराशी धापा टाकल्याचा आवाज आला.

“तडीरी! मास्तर, तडीरी!”

अज्जा उंबऱ्यात उभे होते. पायांत चप्पल नाही, मुंडासं सुटलेलं. जन्मभर दुसऱ्यांना घाई नको सांगणारा तो माणूस शाळेपासून पळत आला होता. माझा हात अधांतरी थांबला. त्यांनी आत न येता नुसता हात पुढे केला.

“शाळेची नळी आहे. द्या.”

मी चिडलो. एका नळीसाठी घरापर्यंत? पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून दिली. ते बाजूनं परसात गेले आणि मला मानेनं बोलावलं. मी मागोमाग गेलो. त्यांनी नळी पायरीच्या शहाबादी फरशीवर धरली आणि टोपी जोरात दाबली. टोपीत अडकलेला एक थेंब फरशीवर पडला. फस्स झालं. बारीक पांढरे बुडबुडे आले आणि फरशीवर वाटाण्याएवढा डाग उरला.

हा प्रयोग मी दरवर्षी वर्गाला दाखवत होतो. चुन्याच्या दगडावर ॲसिड.

“खालच्या फळीवरची उचललीत,” अज्जा हळू आवाजात म्हणाले. “ॲसिडच्या बाटलीची. जागा मोकळी दिसली. पोरीचं नाक बंद आहे म्हणून सकाळी तुम्हीच म्हणाला होता. मग माझे पाय थांबेनात.”

मी ती नळी त्यांच्या हातातून हिसकली आणि सगळ्या ताकदीनं फेकली. धुण्याच्या दगडावर आपटून तिचे तुकडे झाले. तिचा काय दोष होता, देव जाणे. अज्जांनी खाली बसून एकेक तुकडा वेचला, कागदात बांधला. मग म्हणाले, “बाईंना काही सांगू नका. आधी कूसुचं बघू. पाणी उकळायला ठेवा.”

कूसु म्हणजे तान्हं मूल. अज्जा ओसरीवर बसले. बायको पोरीला घेऊन बाहेर आली. त्यांनी आधी माझे हात बघितले.

“धुवा.”

धुतले.

“पुन्हा. साबण लावून. नखं?”

नखं कापायला मला आत जावं लागलं. वर्गात स्वच्छतेचा धडा मीच शिकवायचो. मी परत येईपर्यंत अज्जा कोपरापर्यंत हात धुऊन बसले होते. मऊ, जुन्या धोतराचं फडकं त्यांनी बायकोकडून मागून उकळत्या पाण्यात टाकलं होतं.

“नळी नको का दुसरी? स्वच्छ?” मी विचारलं.

“नळी कशाला? हे काय बाटलीचं तोंड आहे?”

पाणी चांगलं उकळून निवलं. त्यातलं एक वाटीभर घेऊन त्यांनी चिमटीनं थोडं मीठ टाकलं, ढवळलं, वेगळ्या चमच्यात घेऊन माझ्यापुढे धरलं.

“चव घ्या. कसं आहे?”

“खारट.”

“ते झालंच. किती खारट? डोळ्यांतलं पाणी तोंडात जातं, तेवढं हवं. जास्त झालं तर झोंबेल.”

मी जीभ फिरवत राहिलो. डोळ्यांतल्या पाण्याची चव मला आठवेना. शेवटचा कधी रडलो होतो तेही आठवेना. बायकोनं माझ्या हातातून चमचा घेतला, उरलेलं चाखलं आणि म्हणाली, “बरोबर आहे. तेवढंच.”

ती दोन दिवस रडत होती. एकाच घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं. अज्जांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

बायकोनं पोरीला मांडीवर उताणी घेतली, मान किंचित मागे. अज्जांनी फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि वरूनच, नाकाला न लावता, एका नाकपुडीत दोन थेंब सोडले. पोर दचकली. माझा हात आपोआप पुढे गेला.

“अवसर ब्याडरी,” ते म्हणाले. घाई नको. “पाण्याला त्याचं काम करू द्या.”

थोड्या वेळानं दुसऱ्या नाकपुडीत दोन थेंब. मग पोरीला उभी धरायला लावली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. परीक्षेचा निकाल मी कधी इतक्या आशेनं पाहिला नव्हता. पोरीनं नाक मुरडलं, डोळे बारीक केले आणि एवढीशी शिंक दिली. पाठोपाठ दुसरी. जे बाहेर आलं ते अज्जांनी फडक्याच्या दुसऱ्या टोकानं अलगद टिपलं.

“आत अजून दिसतंय,” मी वाकून म्हणालो.

“जे बाहेर आलं ते आपलं. आत आहे ते तिचं. काडी, बोट, चिंधी, काही आत घालायचं नाही. आता पाजा. रोज पाजायच्या आधी असंच करा, पण हेच पाणी जपून ठेवू नका. दर दिवशी नवं उकळा.”

बायको आत गेली. अज्जा आणि मी ओसरीवरच बसलो. आतून आवाज येऊ लागला. गट्. गट्. गट्. मध्ये न थांबता. मी उठून उगीचच तोंड धुऊन आलो.

पोर झोपल्यावर बायकोनं चहा केला आणि विचारलं, “अज्जा, हे तुम्हांला कुणी शिकवलं?”

“लेक बाळंतपणात गेली,” ते म्हणाले. “नात माझ्या हातात आली अकरा दिवसांची. बायको आधीच नव्हती. नाक बंद, दूध जाईना. तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईनं दाखवलं.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “त्याआधी मीही काडी घातली होती, मास्तर. रक्त आलं होतं.”

काडीची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. पोरीच्या नाकाकडे पाहूनच त्यांना कळली असावी.

निघताना ते दारात वळले. “एक सांगतो. नुसतं नाक चोंदलं तर घरी हे करा. पण कूसु श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, दूध तोंडात घेईनासं झालं, अंग तापलं, तर हे करत बसू नका. उचला आणि डॉक्टरकडे पळा. तिथे मी तडीरी म्हणणार नाही.”

चार-पाच दिवसांत पोरीचं नाक मोकळं झालं.

आता माझ्या शौर्याचा शेवटचा भाग. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर प्रयोगशाळेत आले. मी फळा पुसत होतो. अज्जांनी कागदातले तुकडे त्यांच्यापुढे ठेवले.

“माझ्या हातून फुटली.”

“काय सांगतोस? एकोणीस वर्षांत पहिली!” हेडमास्तर मोठ्यानं म्हणाले. “म्हातारा झालास रे अज्जा.” दारातली दोन-चार मुलं हसली.

मी फळा पुसत राहिलो. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, ‘मी फोडली.’ पण मग कुठे, कशी, घरी का नेली होती, हे सगळं आलं असतं, आणि दारावरच्या पाटीवर ती मोठी अक्षरं होती. हेडमास्तर गेले. मी वळून म्हणालो, “अज्जा, तुम्ही असं का सांगितलंत?”

ते तुकडे गोळा करत होते. फक्त म्हणाले, “‘तुम्ही’ म्हणालात मला.”

त्या दिवसापासून मी त्यांना तुम्हीच म्हणत आलो. इतर मास्तरांनी थट्टा केली, मग तेही विसरले. पण हेडमास्तरांना खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. आज सांगेन, उद्या सांगेन. पुढे हेडमास्तर बदलून गेले. नंतर अज्जांची नजर अधू झाली, त्यांनी नोकरी सोडली आणि केलगेरीला नातीकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी मी अर्धा तास भाषण केलं. त्यात विज्ञान होतं, सेवाभाव होता, सुभाषितं होती. ते एक वाक्य नव्हतं.

महायुद्धाच्या दिवसांत एकदा सकाळी ते मला बाजारात दिसले. खूप वाळले होते. खांद्यावर नातीचं पोर, वर्षाचं असेल नसेल. दोन्ही हात त्याच्या पाठीखाली. मी गर्दीतून वाट काढत गेलो. या वेळी बोलायचंच, असं ठरवून तोंड उघडलं. अज्जांनी मला अगदी जवळ आल्यावर चेहऱ्यावरून ओळखलं. हसले. आणि डोळ्यांनी खांद्याकडे खूण केली. पोर झोपलं होतं.

मी तोंड मिटलं. त्यांच्या बाजूनं पाच-सहा दुकानं नुसता चालत गेलो. मग ते केलगेरीच्या रस्त्याला वळले आणि मी तिथेच उभा राहिलो. त्याच पावसाळ्यात ते गेले. मला कळलं आठ दिवसांनी.

पण त्या सकाळी ते सावकाश जात होते, एकेक पाऊल चाचपत. पोराचा गाल त्यांच्या खांद्यावर चेपला होता, तोंड घट्ट मिटलेलं होतं, आणि बाजाराच्या एवढ्या गलक्यात ते नाकानं शांत श्वास घेत होतं.