मॉरिशसचं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांना, म्हणजे प्रल्हादरावांना, नसत्या उठाठेवी फार. अर्धं आयुष्य दुबईच्या करामा भागात गेलं, पण जीव सगळा वेंगुर्ल्याकडे. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" घरात भाजी आणायला वेळ नाही, लोकांची गावं शोधायला आहे!

ह्यांच्या ऑफिसात कुशल आला, मॉरिशसचा मराठी. इंग्रजांच्या काळात त्याचा खापरपणजोबा तिकडे ऊसमळ्यावर मजुरीला गेला आणि तिथेच राहिला. कुशलचे वडील सूर्यकांत आता तिकडेच अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. डोळे मिटण्याआधी आपलं गाव कुठलं, एवढंच त्यांना हवं होतं. कुशलने डीएनए टेस्टसुद्धा केली. उत्तर आलं, दक्षिण आशिया. अगो बाई! हे तर आरशात बघूनही कळलं असतं.

"देवाला नारळ देताना काय म्हणता?" ह्यांनी विचारलं.

"गाऱ्हाणं, अंकल. डॅडींना पाठ आहे."

हे खुर्चीतून उठलेच. कोकणात प्रत्येक गावाचं गाऱ्हाणं वेगळं, त्यात त्या-त्या गावचे देव, राखणदार. "यल्ला, चल, फोन लाव!"

सूर्यकांतांच्या गाऱ्हाण्यात जोडआंब्याचा राखणदार निघाला. मग काय, रोज कुठल्या ना कुठल्या गुरवाला फोन. जोडआंबा कुणाकडेच नाही. माझं डोकं उठलं. "खलास करा आता," मी म्हटलं.

"म्हातारा तसाच जाईल गं," हे म्हणाले. मग मीच माझ्या माहेराकडच्या गुरवाचा, उल्हासचा, नंबर काढून दिला.

रविवारी सूर्यकांत आणि उल्हास, दोघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला. सूर्यकांत थकल्या आवाजात म्हणू लागले, "बा देवा म्हाराजा, जोडआंब्याच्या राखणदारा..." धाप लागली, थांबले. पुढच्या देवाला हाक उल्हासने घातली, "...व्हाळापल्याडच्या पाटेकरा..." सूर्यकांतांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, शब्दाला शब्द. हे रडायला लागले. मीही रडले, लपवू कशाला?

शेवटची ओळ मात्र सूर्यकांतांना ठाऊक नव्हती. उल्हास म्हणाला, "आणि जो कोण ह्यो गाव सोडून दर्यापार गेलो, तेची आणि तेच्या पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा!"

"ही कधीपासून म्हणता?" ह्यांनी विचारलं.

"आजोबांच्याय आधीपासून. कोण गेलो, ता कोणाक म्हायत नाय. पण दरवर्षी म्हणतो."

गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्यांनी होकाराचा हुंकार द्यावा लागतो. आम्हाला कुणालाच सुचलं नाही. सूर्यकांत हात जोडायला गेले, एकच हात उचलला गेला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.