मामांची ट्रॉली आणि माझे ट्रे

ट्रे माझ्या हातात होता आणि समोरच्या गाडीला खिडकीच नव्हती.

वणी-चंद्रपूर रोडवर निलेशभाऊंनी ड्राइव्ह-इन रेस्टॉरंट काढलं, त्याचं उद्घाटन होतं. गिऱ्हाइकानं गाडीतून उतरायचं नाही, खाणं खिडकीपाशी येणार. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, म्हणून खिडकीला लटकवायचे वीस ट्रे मी बनवले. अर्ध्यावर घेतलेल्या काचेला दोन हूक अडकतात, खालचा रबरी पाय दरवाजाला टेकतो, ट्रे सपाट राहतो. माप निलेशभाऊंच्या नव्या कारचं. एक सूत इकडंतिकडं नाही! मी मोठ्या ऐटीत उभा होतो.

पहिली प्लेट मामांची, हे निलेशभाऊंच्या आईनं ठरवलेलं. आणि डोमामामा आले ते ट्रॅक्टर घेऊन. मागं ट्रॉलीत गाद्या टाकून मामी, सुना, नातवंडं, सारं खटलं.

"मामा, उतरा नं. आत टेबल लावतो," निलेशभाऊ म्हणाले.

"आत कायले? गाडीत बसून खाची हॉटेल हाय म्हनलं नं तूनं? हे माही गाडी."

"पन मामा, ते कारसाठी हाय!"

"मंग कारवाल्या मामाले बोलाव!" मामांनी परत जायला ट्रॅक्टरची चाबी फिरवली.

आईचा चेहरा पार उतरला. "निल्या, माया भावाच्या तोंडात घास गेल्याबिगर एक पलेट बाहेर जानार नाही."

मागं कारची रांग, हॉर्नवर हॉर्न. निलेशभाऊ रडकुंडीला आले. "रफिकभाई, काहीतरी करा नं!"

"मामा, इंजन बंद करा. पाच मिनिटं द्या मले," मी म्हणालो.

ट्रॉलीच्या बाजूचा पत्रा, म्हणजे फाळका, काचेपेक्षा कितीतरी जाड. पाना घालून हूक फाकवले. बाहेरून ट्रे लावला, तर मामींचा हात पोचेना. धत् तेरी! मग उलटा केला, फाळक्याच्या आतून लावला. मांडी घालून बसलेल्या मामींच्या बरोब्बर छातीशी आला. असे सहा ट्रे लावले.

तर्री-पोह्यांची प्लेट ठेवताना मात्र जीव मुठीत होता. ती उकळती तर्री मामींच्या नव्या लुगड्यावर सांडली असती, तर वणीत मला कुणी फाटकाची कडीही जोडायला दिली नसती.

ट्रे हलला नाही. मामा ट्रॉलीत चढले, ऐसपैस बसले आणि घास घेऊन बहिणीला म्हणाले, "बाई, तर्री लय जबरदस्त झाली वं!"

आई डोळे पुसत हसली. मला तर नाचावंसं वाटलं. तेवढ्यात कारमधली पोरं खाली उतरून ओरडायला लागली, "आमाले बी ट्रॉलीत बसू द्या!"

आठवडाभरात निलेशभाऊंची नवी ऑर्डर आली. ट्रॉलीचे ट्रे, तीस.

तेव्हापासून कुठंही माप घ्यायला गेलो, की मी मालकाची गाडी बघत नाही. आधी विचारतो, "मामा कशानं येतात?"