आळणी सोमवार

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात पुराव्याशिवाय एकही गोष्ट मान्य केली नाही. त्यात त्यांची स्वतःची भूकसुद्धा आली. अक्कानं ताट वाढून ‘भूक लागली का?’ असं विचारलं की ते आधी घड्याळाकडं बघायचे, मग पोटावर हात ठेवायचे आणि ‘लागली असावी’ एवढंच म्हणायचे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी तिचे यजमान, पेशानं डॉक्टर, सोलापुरातल्या एका इस्पितळात मेडिकलच्या पोरांना शिकवायचे. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी त्यांना सरळ विचारलं होतं, मुलगी पसंत आहे ना? दाजी बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘अजून ठाऊक नाही.’ वडील उठून चालायलाच लागले होते. आईनं त्यांना धरून बसवलं, चार मंडळींनी सारवासारव केली, म्हणून ते लग्न झालं. पुढं दोन मुलं झाल्यावर अक्कानं एकदा भांडणात तोच प्रश्न केला, तेव्हा ‘लक्षणं चांगली आहेत’ असं उत्तर मिळालं. हे उत्तर अक्का माहेरी येऊन सगळ्यांना तक्रार म्हणून सांगायची, आणि सांगताना लाजायची.

माझं सोलापुरातच सात रस्ता चौकात चादरींचं दुकान. ‘रंग पक्का’ अशी पाटी मी दर्शनी भागात लावली होती. दाजींनी रोख पैसे मोजून एक चादर नेली, मधोमध कापली, अर्धी ट्रंकेत ठेवली आणि अर्धी सगळा पावसाळा रोज धुतली. मग एके दिवशी मोडनिंबहून लग्नाच्या खरेदीला आलेलं एक अख्खं कुटुंब माझ्या गादीवर बसलेलं असताना ते आत आले, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी पसरले आणि म्हणाले, ‘जातो रे. थोडा, पण जातो.’ ते कुटुंब समोरच्या दुकानात गेलं. मी आठवडाभर दाजींशी अबोला धरला. त्यांना त्याचा पत्ताच लागला नाही, कारण मी बोलत नाही हे ठरवायला त्यांना आधी मी रोज किती बोलतो ते मोजावं लागलं असतं.

त्यांच्या ह्या पुराव्याला पुरून उरणारं माणूस जगात एकच होतं, त्यांची आई. तिला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. अक्कलकोटच्या पलीकडं, मराठी बोलता बोलता माणसं कानडीत शिरतात त्या भागात त्यांचं गाव. अव्वा कपाळभर विभूती लावायची, सुनेवर माया करायची आणि दर सोमवारी आळणी जेवायची. दाजी दोन वर्षांचे असताना हगवणीनं पार गळून गेले होते. डोळे खोल गेलेले, रडायलाही पाणी उरलेलं नव्हतं. अव्वानं तेव्हा सिद्धरामाला नवस केला की पोर वाचलं तर जन्मभर सोमवारी मिठाला शिवणार नाही. पोर वाचलं. दाजी तिला समजावायचे की एकदा घडलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. त्यावर ती म्हणायची, ‘तू हाईस न्हवं? मग आनि काय पायजे?’  ह्यावर दाजी उठून सायकल पुसायला बसायचे. त्यांची सायकल फार स्वच्छ असायची.

सत्तरच्या दशकातल्या एका श्रावणात आमच्याकडं गॅस्ट्रोची साथ आली. खेड्यातून माणसं बैलगाडीत घालून आणायचे, आणि त्यातली काही वाटेतच जायची, कारण तिकडं ना सलाईन ना सुई टोचणारं कुणी. दाजींच्या डोक्यात एक गोष्ट शिरली होती. पाण्यात मीठ, साखर आणि सोडा बेताच्या मापानं घालून ते सारखं पाजत राहिलं तर सलाईनचं काम भागेल का? इतर ठिकाणी भागतं असं त्यांनी वाचलं होतं. पण वाचलेलं म्हणजे दुसऱ्याचं, आपल्या माणसांवर आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते मानायला तयार नव्हते. भागत असेल, तर हे औषध कुठल्याही चुलीवर करता येणार होतं.

मग वॉर्डात अभ्यास सुरू झाला. येणाऱ्या प्रत्येकाला आधी सलाईन लावायचं. नाडी हाताला लागली की नर्सनं डोळे मिटून पिशवीत हात घालायचा. पिशवी माझ्याच दुकानातली, आत लाल आणि पांढऱ्या सुताच्या कांड्या. लाल निघाली तर सलाईन चालू ठेवायचं, पांढरी निघाली तर ते काढून पाणी पाजायचं आणि प्यालेला प्रत्येक पेला मांडून ठेवायचा. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, कारण माणूस ठरवायला लागला की मनासारखं ठरवतो, असं दाजी म्हणायचे. मला तो सगळा प्रकार सोडतीसारखा वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

त्या सोमवारी सकाळी अव्वाला गावाहून आणलं. रात्रभर जुलाब आणि उलट्या. तिला उतरवून घेताना मी दंडाला धरलं तर कातडी चिमटीत धरल्यासारखी तशीच उभी राहिली. सलाईन लागलं, नाडी आली, अव्वानं डोळे उघडून आम्हाला ओळखलं. आम्ही जरा कुठं श्वास सोडला, तोच दाजींनी नर्सला पिशवी आणायला सांगितली.

अक्काला आधी ते खरंच वाटेना. मग ती दाजींच्या आडवी उभी राहिली. स्वतःच्या आईची सोडत काढायची? सलाईन समोर लटकतंय, चाललंय, चालू दे की. मीही तेच म्हणत होतो, आवाज चढवून म्हणत होतो. वॉर्डातली माणसं उठून बसली होती. दाजी खाली बघत होते. त्यांचा हात स्टेथास्कोपच्या नळीला सारखा पीळ घालत होता. शेवटी ते म्हणाले, ‘इतके दिवस दुसऱ्यांच्या आया पिशवीत घातल्या. माझी तेवढी बाहेर ठेवू?’

नर्सनं हात घातला. पांढरी कांडी निघाली.

मी बाहेर पडलो, औषधाच्या दुकानातून सलाईनची बाटली विकत घेतली आणि ती छातीशी धरून वॉर्डाच्या दारात उभा राहिलो. दाजींचा मला इतका राग आला होता की ते माझ्या बहिणीचे यजमान आहेत हे विसरून मी त्यांना काहीही बोललो असतो. ते माझ्याकडं बघतही नव्हते. अव्वाजवळ बसायचं, नाडी धरायची, उठून दुसऱ्या खाटांकडं जायचं आणि परत तिच्याकडं यायचं, एवढंच चाललं होतं. खाटेजवळच्या स्टुलावर पाण्याचा पेला भरला जायचा आणि रिकामा व्हायचा. नर्स तो मांडून ठेवायची. शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडची एक धनगरीण होती. तिची कांडी लाल निघाली होती, सलाईन चालू होतं. ती बाई बघता बघता टवटवीत झाली आणि मेंढरांची चौकशी करायला लागली. आमची अव्वा मात्र दुपार कलायला लागली तशी विझत चालली.

दाजींनी पुन्हा नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग पेल्यांचा हिशेब मागवला. पेले तर भरपूर झाले होते. इतकं पाणी पोटात गेल्यावर माणसाची जीभ अशी कोरडी राहायला नको होती. दाजींनी आईच्या डोळ्यांकडं बघितलं, मग हिशेबाकडं बघितलं, आणि मला त्यांचा चेहरा उतरताना दिसला. ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, ‘म्हणजे पाणी उपयोगाचं नाही.’ आणि लगेच नर्सला म्हणाले, ‘सलाईन लावा.’

मी धावत बाटली पुढं केली. पण आता शीर सापडेना. नर्सनं एक हात बघितला, दुसरा बघितला. दाजींनी स्वतः सुई घेतली. हजारो शिरा सहज शोधलेला तो हात त्या दिवशी आईच्या मनगटावर पुन्हा पुन्हा चाचपत होता. आत गेलेली सुई कोरडीच बाहेर यायची. अक्का भिंतीला टेकून उभी होती, तिचे ओठ हलत होते. दाजींनी हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांना बोलवायला माणूस धाडला. 

तेवढ्यात शेजारची धनगरीण उठून बसली. ती घाबरली होती. म्हणाली, ‘डाक्टर, माजं काय चुकलं आसंल तर बोला, पर म्हातारी पानी पितच न्हाय. समदं मलाच देती की. मला वाटलं, तिला नको झालंय. लई ग्वाड हाय ते.’

आपल्याकडच्या वॉर्डात शेजारच्या खाटेला दिल्याशिवाय कुणी काही तोंडात घालत नाही. कुणाची भाकरी, कुणाचं पिठलं, सगळं खाटाखाटांवरून फिरत असतं. दाजींनी सुताच्या कांड्या मोजल्या होत्या, मिठाची चिमूट तोलली होती, पण हे काही त्यांच्या हिशेबात नव्हतं. आणि आज सोमवार आहे हेही नव्हतं. ते मला तरी कुठं सुचलं होतं?

दाजींनी सुई खाली ठेवली. ते खाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसले, अव्वाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि विचारलं, मीठ आहे म्हणून पीत नाहीस ना. अव्वानं मान डोलावली. त्यांनी पेला तिच्या ओठाला लावला. तिनं तोंड फिरवलं.

‘ब्याडप्पा,’ ती म्हणाली. नको रे बाबा. आवाज इतका बारीक होता की आम्ही सगळे पुढं वाकलो. ‘माझं काय, मी म्हातारी. सोमवार मोडला आन् तुला काय झालं तर?’

दाजी म्हणाले, मला काही होत नाही. तिनं त्यांच्याकडं बघितलं. आपला मुलगा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिनं अगदी त्यांच्याच पद्धतीनं विचारलं, ‘ठाऊक हाय का तुला?’

आता मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होतो. लग्नाच्या बैठकीत, सासऱ्यासमोर, ज्यानं ते दोन शब्द उच्चारले नाहीत, तो माणूस गुडघ्यांवर बसला होता आणि पेला अजून आईच्या ओठांपाशी धरून होता. मीठ खाल्ल्यानं मुलाला काही होणार नाही, ह्याचा पुरावा कुठून आणणार? ट्रंकेत ठेवायला दुसरा अर्धा मुलगा नव्हता.

‘ठाऊक आहे,’ दाजी म्हणाले.

अव्वानं तोंड उघडलं. दाजी चमच्यानं पाजत राहिले. उलटी झाली की थोडं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. धाकटे डॉक्टर आले, त्यांनाही शीर सापडली नाही, पण दाजींचा चमचा थांबला नाही. ऊन भिंतीवरून वर सरकलं. अक्का पाणी भरून आणायची, मी बाटली छातीशी धरून तसाच उभा. दिवेलागणीच्या सुमाराला अव्वाच्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं, आणि दाजींनी ते बोटानं टिपून उजेडात धरून बघितलं. मग ते उठले, बाहेर गेले आणि स्टँडवरची आपली सायकल पुसायला लागले. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. माझा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक. ते रडत होते आणि चाक पुसत होते.

अव्वा वाचली. दाजींनी तिला आणि त्या धनगरणीला, दोघींनाही अभ्यासातून वगळून टाकलं. मी म्हणालो, अहो, एवढा मोठा पुरावा डोळ्यांसमोर घडला. ते म्हणाले, एक प्यायचं ते प्याली नाही आणि दुसरी नको ते प्याली, असला पुरावा काय कामाचा? मात्र तिथून पुढं नर्सनं पिशवीत हात घालायच्या आधी दाजी स्वतः रोग्याला विचारायचे, ‘आज काय पाळता?’ पोरं मागं हसायची. साथ ओसरेपर्यंत त्या पाण्यानं किती जणांना उठवलं ते मी सांगत नाही, कारण नेमका आकडा माझ्यापाशी नाही आणि दाजींना अंदाज आवडायचे नाहीत.

पुढच्या सोमवारी मी त्यांच्याकडं जेवायला होतो. अव्वा भिंतीला उशी लावून बसली होती. आमटी वाढायला आलेल्या अक्काला दाजींनी हातानं थांबवलं आणि माझ्यासाठी बिनमिठाची काढ, असं सांगितलं. अक्का बघतच राहिली.  मुलानं पहिला घास गिळेपर्यंत अव्वा त्याच्या ताटाकडं बघत होती, मग आपल्या आळणी भाताला हात लावला. तेव्हापासून दर सोमवारी मायलेक असेच जेवले. अव्वा पुढं पुष्कळ वर्षांनी, पिकल्या वयात, झोपेत गेली. दाजींचा सोमवार तरीही आळणीच राहिला. मी एकदा त्यांना पेचात धरलं. म्हटलं, आता तर अव्वाही नाही बघायला, आणि मिठानं काही होतं हे सिद्ध झालंय का? ‘नाही,’ ते म्हणाले. मग हे कशासाठी? त्यांनी पोटावर हात ठेवला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘अजून ठाऊक नाही.’

आता दाजींनाही जाऊन बरीच वर्षं झाली. मी दुकान मुलाच्या हाती दिलंय. ‘रंग पक्का’ची पाटी चादरीच्या त्या प्रकारानंतर मीच उतरवली होती, ती पुन्हा लावली नाही. अक्का एकटीच असते, म्हणून मी अधूनमधून तिच्याकडं जेवायला जातो. सोमवारी आमटीत मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची तिच्या हाताची सवय अजून गेलेली नाही. मागच्या खेपेला तिनं ती वाटी बराच वेळ हातात धरली आणि मग माझ्यापुढं ठेवली. मी मुकाट्यानं भाकरी कुस्करली. बरी लागते का रे, असं तिनं विचारलं.

मी म्हणालो, अजून ठाऊक नाही.

 अक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि आणखी एक पळी वाढली.