चार आठवडे थोरलीच्या घरी

जावाजावा, उभा दावा म्हणतात. माझा आणि थोरलीचा दावा कधी उभा राहिला नाही, कारण तिच्याकडे भांडायला काही नव्हतंच. मला चार मुलं, तिला एकही नाही. निकाल आधीच लागलेला होता.

थोरली म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. खालच्या खोलीत ती लोकांचे कपडे लहानमोठे करून देते. पँटची उंची, फ्रॉकची कंबर, गणवेशाची बाही. खिडकीला लागून मशीन, खिळ्याला टांगलेली टेप, दाराशी पिशव्या आणि प्रत्येक पिशवीला टाचणीने लावलेली चिठ्ठी. मुलांचे कपडे शिवताना ती आतून चार बोटं माया सोडते. "पोरं वाढतात," म्हणते, "उद्या उसवून सोडता आलं पाहिजे." पोरांचं हिला काय ठाऊक, असं मी मनात म्हणायचे. कधी कधी मोठ्यानेही.

आमच्या चर्चची एक जुनी रीत आहे. नाताळच्या आधीचे चार आठवडे, म्हणजे आगमनकाळ, गव्हाणी रिकामी असते. योसेफ असतो, मरिया असते, गाय असते, मधे नुसतं गवत. बाळ येशूची मूर्ती तेवढे दिवस मूलबाळ नसलेल्या एखाद्या घरी पाठवतात. पहिल्या रविवारी फादर सगळ्यांसमोर त्या बाईच्या हातात मूर्ती देतात, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती बाई मूर्ती घेऊन बाकांमधल्या वाटेने चालत येते आणि गव्हाणीत ठेवते. हेतू चांगला. वाट बघणाऱ्याच्या घरी देवानेच जाऊन वाट बघावी, असं काहीतरी.

थोरलीच्या आधी ज्या तिघींकडे मूर्ती गेली, त्या तिघींचीही कूस उजवली. एकीची तर त्याच वर्षी. थोरलीकडे मूर्ती एकोणीस वर्षं गेली.

एकोणीस वेळा ती त्या वाटेने चालली आणि एकोणीस वेळा आम्ही माना वळवून तिच्या पोटाकडे बघितलं. मूर्तीकडे कोण बघतो? एक पोर कडेवर, एक हाताशी, अशी मीही बघायचे. काही दिसलं नाही की मला बरं वाटायचं. पाप आहे, मान्य. पण खोटं कशाला लिहू? ती मूर्ती अगदी खाली, पोटाशी, दोन्ही हातांनी धरायची. म्हाताऱ्या म्हणायच्या, किती भक्तिभावाने धरते बघा.

मूर्ती वीतभर, प्लास्टरची, डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली. थोरली ती बुटांच्या खोक्यात ठेवायची, खाली मऊ फ्लॅनेलचं अस्तर. दर वर्षी नवं झबलं शिवायची आणि त्यालाही आतून माया सोडायची. प्लास्टरच्या बाळाला. यावरून आम्ही फार हसलो. "वहिनी, पुढच्या वर्षी याला गणवेश लागेल," माझा नवरा म्हणायचा. तीही हसायची. मशीन मात्र थांबायचं नाही.

यंदा चर्चची कमिटी बसली. माझा नवरा त्या कमिटीत आहे. थोरली आता सत्तेचाळीसची. बेकरीवाल्यांच्या सुनेच्या लग्नाला तीन वर्षं झाली, अजून पाळणा हललेला नाही, तर मूर्ती तिला द्यावी असं ठरलं. कुणी वाईट बोललं नाही. "थोरलीचं आता काय राहिलंय," एवढंच कुणीतरी म्हणालं आणि चहा आला. तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. हा तीळ मात्र मी आठ दिवस सांभाळला. रोज जिना उतरायचे, झबलं कुठवर आलं ते बघायचे आणि परत वर यायचे. सांगायला जीभ रेटत नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला तिचं तोंड बघायचं होतं.

रविवारी फादर आशेवर बोलले. देव उशीर करतो पण विसरत नाही, म्हणाले. आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली. फादरांनी मूर्ती हातात घेतली, आणि त्यांनी कुणाला बोलवायच्या आधीच थोरली उठली. सवयच होती. काखेत खोकं, खोक्यावर घडी केलेलं झबलं. ती अर्ध्या वाटेवर पोचली तेव्हा फादरांनी बेकरीवाल्यांच्या सुनेला पुढे बोलावलं.

थोरली थांबली. मागे वळली तर ती पोरगी समोरून येत होती आणि वाट अरुंद. कुणीतरी खोकलं. फादरांना वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे, ही खोकं द्यायलाच उठली आहे. ते माइकवरून म्हणाले, "बघा, केवढं मोठं मन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच थोरलीने खोकं त्या पोरीच्या हातात दिलं.

घरी आल्यावर दाराचं कुलूप काढताना ती म्हणाली, "तुला सांगायला सांगितलं होतं ना?"

"राहून गेलं, ताई."

"मूर्ती घरी येतेय तोवर माझं चालू आहे, असं मी धरून होते. आज तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत, संपलं." किल्ली तिच्या हातातच होती. "मी अजून ठरवलं नव्हतं गं."

मला रडू यायला हवं होतं. मला भूक लागली होती.

तिसऱ्या आठवड्यात बेकरीवाल्यांची सून खोकं घेऊन थोरलीकडे आली. धाकट्याची पँट उसवून घ्यायला मी तिथेच बसले होते. पोरीचे डोळे सुजलेले.

"काकू, हे तुम्हीच ठेवा. सासूबाई रोज सकाळी विचारतात. पाव घ्यायला येणारे लोकसुद्धा पोटाकडे बघतात. मला नाही त्या वाटेने चालायचं. तुम्ही फादरांना सांगितलंत तर ते ऐकतील."

थोरलीने झाकण उघडलं. झबल्याची कड सारखी केली, तुटक्या बोटांवरून अंगठा फिरवला. तिला ते बाळ परत हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एक शब्द बोलली असती तर मिळालंही असतं.

"चालशील का, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "मग तुला का विचारायचं?"

पोरगी रडायला लागली. थोरलीने तिला दंडाला धरून उभं केलं, मूर्ती तिच्या हातात दिली आणि तिचे हात खाली दाबले.

"इथे धर. पोटासमोर. म्हणजे कुणाला काही दिसत नाही. आणि हळू चाल. घाई केली की कपडा अंगाला चिकटतो."

एकोणीस वर्षांचा भक्तिभाव मला तेव्हा कळला. मी पँट उचलली आणि वर निघून गेले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. थोरली माझ्या शेजारी, वाटेच्या कडेला बसली होती. पोरगी दारातून निघाली. शिकवलं होतं तसंच, हळू, मूर्ती पोटाशी धरून. सगळ्या माना वळल्या, माझीही. आणि थोरली बाकावरून इतकी पुढे झुकली की मला वाटलं, पडते की काय. मूर्तीच्या आडून काय दिसतं ते ती बघत होती. लपवायचं कसं हे तिनेच शिकवलेलं, त्यामुळे बघायचं कुठून हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पोरगी पुढे गेली. थोरली मागे टेकली.

"काही नाही," ती माझ्या कानाशी म्हणाली.

तिला बरं वाटलं होतं. तो आवाज मी लगेच ओळखला. एकोणीस वर्षं तो माझा होता.