हॉल्टवर गाडी थांबेनाशी झाली

राजघाटचा पूल दुमजली आहे. वरून रस्ता, खालून रूळ. काशी स्टेशनातून सुटलेली पॅसेंजर खालच्या मजल्यावरून गंगा ओलांडायला लागली की डब्यातली बोलणी आपोआप थांबायची, कारण त्या लोखंडी खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही. कुणी खिडकीतून नाणं टाकायचं, कुणी हात जोडायचं. पलीकडचा काठ आला की गप्पा पुन्हा सुरू.

आमचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, पौरोहित्य करत. तरुणपणी याच पॅसेंजरवर ते जजमान, म्हणजे पूजेसाठी येणारे यात्रेकरू, घ्यायला जात. महाराष्ट्रातली मंडळी मोगलसरायला मेलमधून उतरून हिच्यात बसायची, आणि काशीच्या फलाटावर अण्णा त्यांना मराठीतून हाक मारायचे. पुढे जजमान विमानानं आणि टॅक्सीनं येऊ लागले. गाडीत उरले दूधवाले, भाजीवाल्या, मजूर, कचेरीत खेटे घालणारे. आणि मी.

पुलापलीकडे, एका हॉल्टजवळच्या मुलींच्या इंटर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. इंटर कॉलेज म्हणजे इकडे बारावीपर्यंतची शाळा. आणि हॉल्ट म्हणजे स्टेशनसुद्धा नाही. एक कडुनिंब, एक पाटी आणि कमिशनवर तिकिटं विकणारा एक माणूस. मी तिथं उतरायची त्याच सुमाराला समोरून बनारसकडे जाणारी पॅसेंजर यायची.

त्या समोरच्या गाडीत आमच्या शाळेची एक मुलगी चढावी, हे माझ्या मनानं घेतलं होतं. बाजारातल्या शिंप्याची मुलगी. वर्गात ती प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर मान हलवायची नाही. गावात पुढे शिकायची सोय नव्हती. विज्ञान घ्यायचं तर बनारसच. बारावीचा निकाल लागला तशी मी तिच्या वडिलांच्या दुकानात जाऊन बसले.

तिला बनारसला शिकायला पाठवा, असं मी म्हटलं तेव्हा शिंपी मशीन चालवत होते. मग पाय थांबवून त्यांनी विचारलं, "सडक से जाएगी?"

"नाही, गाडीनं," मी हिंदीतच सांगितलं. "सकाळच्या पॅसेंजरनं जाईल, संध्याकाळच्यानं परत येईल."

त्यांचा चेहरा सैल झाला. "तब ठीक है, बहनजी. गाडी में तो अपने ही लोग हैं."

ते खरंच होतं. रस्त्यानं जायचं तर ट्रकांच्या हायवेवर उभं राहायचं, दोनदा ऑटो बदलायची, अनोळखी माणसांत दाटीवाटीनं बसायचं. गाडीत मात्र दूधवाला तिच्या चुलत्याचा मित्र होता, आणि भाजीवाली तिला जन्मापासून ओळखत होती. गावच रुळांवरून बनारसला जायचं.

ती जाऊ लागली. तिच्या पाठोपाठ आणखी तिघीचौघी. आमची भेट फलाटावरच, मी उतरले आणि तिची गाडी आली एवढ्या वेळापुरती. "मॅम, प्रॅक्टिकलमध्ये ओढणी जळली," एकदा तिनं हसत दाखवलं. ॲसिडनं पडलेलं भोक बापानं इतकं बारीक रफू केलं होतं की बोट फिरवल्याशिवाय कळेना. "रागावले का?" मी विचारलं. "नाही. म्हणाले, जळली म्हणजे काम केलंस."

तिचं दुसरं वर्ष चालू असताना लॉकडाउन आला आणि गाड्या बंद झाल्या. तिनं फोनवर अभ्यास केला, परीक्षा कशीबशी पार पडली. आधी लांबच्या गाड्या सुरू झाल्या. आमची पॅसेंजर फार उशिरा आली, आणि आली ती एक्सप्रेस होऊन. डबे तेच, गर्दी तीच. तिकीट मात्र वाढलेलं, आणि हॉल्ट गाळलेला.

मी ऑटो बदलत शाळेत जाऊ लागले. मला पगार होता, वय होतं, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मुलींना ते शक्य नव्हतं. महिनाभर शिंपी स्वतः लेकीला सायकलवरून हायवेपर्यंत सोडून आले, संध्याकाळी आणायला गेले. दुकान बंद राहू लागलं. एका संध्याकाळी ऑटोत कुणीतरी तिच्याशी वाईट वागलं. काय झालं ते तिनं मलाही नीट सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती घरी बसली.

मी आणि शिंपी रेल्वेच्या कचेरीत गेलो. साहेब तरुण होते, आदबीनं वागले, चहा मागवला.

"तिथं प्रवासीच नाहीत, मॅडम," ते म्हणाले. "कुणी उतरत नाही."

"गाडी थांबली तर उतरतील ना," मी म्हटलं.

ते हसले. वाईट हसले नाहीत. "वर पाठवतो," म्हणाले. शिंपी सगळा वेळ उभेच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "साहब भले आदमी हैं." मला तेव्हाच कळलं की काही होणार नाही. तरीही आम्ही आणखी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला त्या खुर्चीत वेगळेच साहेब होते. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

मग एक दिवस हॉल्टवर काम सुरू झालं. फलाट उंच केला, दिवे लावले, पाटी नवी रंगवली. गावात आनंद झाला. तिकीटवाल्यानं, जो आता मोबाइल रिचार्ज करत होता, आपली जुनी पेटी पुसून ठेवली. थोड्याच दिवसांत शाळेला निरोप आला: नवी वेगवान गाडी पहिल्यांदा या मार्गानं जाणार आहे, मुलींना झेंडे देऊन फलाटावर उभं करा.

आम्ही उभं केलं. सगळ्यांच्या मागे, साध्या घरगुती कपड्यांत, शिंप्याची मुलगीही येऊन उभी राहिली. गाडी आली ती कळायच्या आत निघून गेली. काचा बंद होत्या, आत कोण होतं ते दिसलं नाही. लहान मुली गाडी गेल्यावरही झेंडे हलवत होत्या.

"चांगली आहे," ती म्हणाली.

"तू आमच्याकडे राहा," मी तिला तिथंच म्हटलं. "वरची खोली रिकामी आहे. शेवटच्या वर्षाचाच तर प्रश्न आहे."

मी अण्णांना आधीच विचारलं होतं. सोवळ्याओवळ्यात आयुष्य गेलेले अण्णा म्हणाले होते, "आण तिला. जजमान येत होते तेव्हा कमी माणसं राहिलीत का या घरात?" तिनं मात्र नुसतं रुळांकडे पाहिलं. "बाबूजींना विचारा, मॅम."

बाबूजी नाही म्हणाले. रागानं नाही, मला ओसरीवर बसवून, पाणी देऊन. "बहनजी, गाडी होती तेव्हा मी कुणाला उत्तर देणं लागत नव्हतो. ती रोज संध्याकाळी घरी येत होती. आता लोक विचारतील, मुलगी कुठंय? मी काय सांगू?" आत तिची आई भांडी घासत होती. तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा सुरतेला यंत्रमागावर. मी गेले होते. तिनं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मॅम, बारावीला या वर्षी कोण आहेत?" मी दोनतीन नावं सांगितली. ती ऐकत राहिली, मग तिला कुणीतरी आत बोलावलं. सुरतेहून सुरुवातीला तिचे फोन आले. मग नंबर लागेनासा झाला. शिंप्यांना विचारलं तर म्हणतात, ठीक आहे, मजेत आहे.

तिच्या मागून जाणाऱ्या मुलीही एकेक करून घरी बसल्या. त्यांतल्या एकीनं बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला, एवढंच.

यंदा अकरावीला विज्ञान घ्यायला फक्त दोघी आल्या. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "दोघींसाठी वर्ग कसा चालवायचा, तुम्हीच सांगा," म्हणाल्या. त्या दोघींना कला शाखेत घातलं. त्यांतली एक वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाली, "मॅम, असंही पुढे कुठे जायचं होतं?"

मी आता गृहविज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतल्या बाटल्या कपाटात कुलपात आहेत. किल्ली शिपायाकडे असते. दुपारी तास चालू असताना ती नवी गाडी जाते आणि खिडक्या थरथरतात. मुली आता वळूनही बघत नाहीत.