मामाचं तोंड

माझा मामा आजवर असंख्य वेळा मेला आहे. गोळी लागून, भाला लागून, पुरात, आगगाडीच्या अपघातात, एकदा तर नुसती नायकाची डरकाळी ऐकून. गिरणी बंद पडली तेव्हा आजोबा मालवणला परत गेले आणि मामा शूटिंगला गेला, तो अजून तिथेच आहे. अशा माणसांना सिनेमाच्या धंद्यात ज्युनियर आर्टिस्ट म्हणतात. गर्दीत उभं राहायचं, नायकाच्या मागून चालत जायचं आणि सांगितलं की मरायचं. मरण्यात मामाचा हात धरणारा अख्ख्या विक्रोळीत कोणी नव्हता.

पण इतक्या मरणांत त्याचं तोंड एकदाही पडद्यावर दिसलं नाही. गर्दीतल्या माणसाने कॅमेऱ्याकडे पाठ करून पडायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. मामाने तो असा गिरवला होता की घरीसुद्धा कोणी फोटो काढायला लागलं की तो आपोआप वळायचा. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये त्याचं टक्कल फार सुंदर आलंय.

मामीला हे सगळं थोतांड वाटायचं. टीव्हीवर मामाचा एखादा सिनेमा लागला की ती हातातलं लाटणं घेऊन पडद्याजवळ जायची.

"ह्यो?"

"नाय गो, तेच्या बाजूचो."

"ह्यो? ह्यो तर खांबो आसा!"

चाळीतल्या बायकांनी विचारलं तर ती सांगायची, "आमचे ह्ये पिक्चरात असतत म्हणे. पाठ बघूची असात तर दाखवतंय." बायका हसायच्या, मामाही हसायचा. मला मात्र तो एकदा म्हणाला होता, "गो बाय, खराखुरा मराच्या आधी हिना एकदा माजा तोंड पडद्यार बघूक व्हया. मगे काय ता होवंदे." त्या दिवशी मला मामीचा राग आला होता. त्याचाही आला होता. इतकी वर्षं पाठ दाखवून तोंड मागायचं म्हणजे काय!

मी अंधेरीत एका कचेरीत काम करते. परदेशी मंडळी इथे शूटिंगला आली की त्यांचं इंग्रजी इथल्या लोकांना समजावून सांगायचं आणि इथल्या लोकांनी त्यावर जे म्हटलं ते त्यांना सांगायचं नाही, असं माझ्या कामाचं स्वरूप आहे. दोनेक वर्षांपूर्वी असाच एक हॉलिवूडचा सिनेमा आला. युद्धपटांची टर उडवणारा विनोदी युद्धपट. सिनेमातले नट एका जंगलात युद्धपट करायला जातात आणि स्वतःला खरे सैनिक समजायला लागतात, अशी गोष्ट. जंगल कुठल्याशा पूर्वेकडच्या देशातलं होतं, म्हणजे आरे कॉलनीतलं.

दिग्दर्शक गोरा, उंच, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. त्याने पहिल्याच दिवशी मला समजावलं की जुन्या युद्धपटांत जंगलातल्या माणसांना नाव नसतं, भाषा नसते, ती फक्त मरतात. आपण त्याचीच थट्टा करणार आहोत. मला माणूस एकदम आवडून गेला. मग मी कामाचा कागद बघितला. त्यात आमच्या माणसांपुढे लिहिलं होतं 'गावकरी, जमाव ब'. जमाव अ म्हणजे म्हशी होत्या, कारण त्या तबेल्याकडून आगाऊ ठरवून आणल्या होत्या.

जमाव ब पुरवणाऱ्या माणसाने सगळे विक्रोळी-भांडुपकडचे ज्युनियर आणले होते, आणि त्यातले बहुतेक आमच्या तळकोकणातले. मामा त्यांच्यात होताच. अंगाला माती फासून, कमरेला गोणपाट गुंडाळून तो झाडाखाली बसला होता आणि मला बघून ओळख न दाखवता नुसता डोळा मिचकावत होता.

त्या दिवशी नाश्त्याचा टेम्पो आलाच नाही. आरेच्या रस्त्यावर कुठे अडकला होता म्हणे. उन्हं वर आली, नायकाला त्याच्या गाडीत कापलेली फळं पोचली आणि जमाव ब उपाशीच राहिला. नायकाने परदेशात खऱ्या सैनिकांकडून शिकवणी घेतली होती, तरी तो बंदूक अशी धरायचा, जशी शेजारणीने जबरदस्तीने दिलेलं रडकं पोर धरावं.

दिग्दर्शकाला हल्ल्याच्या आधी गावकऱ्यांचा एक रणमंत्र हवा होता. रणमंत्र लिहून आणायचं अर्थात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमचा असिस्टंट वाकोल्याचा, त्याने पुढे बसलेल्या मामाला बोट दाखवलं. "ए काका, उठा. कायपण बोला जोरात, जंगली टाइप. बाकीचे मागून ओरडा. सायबाला काय घंटा कळतंय!"

मामा उठला. तीसेक वर्षांत त्याला कोणी तोंड उघडायला सांगितलं नव्हतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शुभकार्य असो की संकट, देवापुढे नारळ ठेवून एक जण मोठ्याने मागणं मागतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे ठरवून म्हणायचं नसतं. जांभई येते तसं ते येतं.

"व्हय म्हाराजा!" सगळा जमाव ब गरजला. धमाक्यांचे बार पुरणारी पोरं आणि तबेल्याचा एक गडीसुद्धा.

"आज ही तुजी लेकरा ह्या आरेच्या रानात जमली आसत. साता समुद्रापलीकडसून पावणे इले आसत. तेंका बंदूक धरूक येणा नाय, तेंका अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सकाळपासून पोटात अन्नाचो कण नाय. नाश्त्याचो टेम्पो कोणी वाटेत अडवलो असात, तर तेची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात जोरात.

मामाचा आवाज इथे जरा खाली आला. "आणि ह्या लेकरान जन्मभर पाठ दाखवली, तेचा तोंड एकदा पडद्यार दिसांदे. घरच्या लक्ष्मीक पटांदे की तिचो घोव खोटो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. हातात वॉकीटॉकी होता, तो चालू होता, आणि माझा 'व्हय म्हाराजा' पार नायकाच्या गाडीपर्यंत ऐकू गेला.

दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो मला म्हणाला, मला शब्द कळले नाहीत, पण वेदना कळली. मी अर्थ सांगायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला. अर्थाने मंत्र मरतो, असं काहीतरी म्हणाला. मग त्याने जाहीर केलं की हा म्हातारा आता टोळीचा प्रमुख, आणि याचं तोंड पडदाभर घ्यायचं. क्लोजअप!

तेवढ्यात टेम्पोही आला. मामाने उपमा हातात घेऊन आकाशाकडे बघितलं. दोन मागणी फळली होती. पावण्यांच्या अकलेचं देवाने राखून ठेवलं असावं.

उपमा संपेपर्यंत दिग्दर्शकाला दुसरी कल्पना सुचली. प्रमुख गूढ दिसायला हवा, म्हणून त्याला मुखवटा. पोफळीच्या जाड पानाचा, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. मामाने तो हातात उलटसुलट करून पाहिला. "हेच्यात आमी गावाक भात बांधतंव," तो म्हणाला.

मी दिग्दर्शकाशी भांडले. अगदी नोकरीची पर्वा न करता भांडले. म्हटलं, या माणसाचा चेहरा बोलका आहे. तो म्हणाला, मुखवटा जास्त बोलतो. मी विचारलं, तुम्ही तर बिनचेहऱ्याच्या माणसांच्या सिनेमांची थट्टा करताय ना? तो म्हणाला, अगदी बरोबर, हीच तर थट्टा आहे! कपाळ माझं.

मुखवट्यातूनच पुन्हा गाऱ्हाणं झालं आणि ते पडदाभर घेतलं गेलं. पण मामा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पुढचा प्रसंग त्याच्या हातखंड्याचा होता: नायकाच्या गोळीने प्रमुख मरतो. मरणात त्याला कोण शिकवणार? त्याने झाडाआड जाऊन मुखवट्याची दोरी सैल केली आणि माझ्या कानात म्हणाला, "बघच आता."

गोळी सुटली. मामा जन्मभराचा धडा मोडून कॅमेऱ्याकडे तोंड करून पडला, मुखवटा अलगद गळाला, आणि ते तोंड, माती फासलेलं, दाढीचे पांढरे खुंट वाढलेलं, लेन्सकडे बघून इतकं सुरेख मेलं की वाकोल्याचा असिस्टंट म्हणाला, "काका, एक नंबर!" दिग्दर्शकानेही टाळ्या वाजवल्या. मामा उठला तो पोरासारखा हसत. त्या दिवसापासून तो मामीला रोज सांगायचा, "आता बघशीत."

सिनेमा यायला वर्ष गेलं. मी मुलुंडच्या मॉलमधली दुपारची तीन तिकिटं काढली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. मामी डब्यात चकल्या घेऊन आली होती, त्या दारावरच्या माणसाने काढून घेतल्या, म्हणून ती आधीच पेटलेली.

बराच वेळ नायकच चालू होता. मग जंगल आलं, म्हशी आल्या, आणि एकदम पडदाभर मुखवटा.

"ह्यां काय? भूत?" मामी म्हणाली.

"बा देवा म्हाराजा!"

मामी सरळ होऊन बसली. तो आवाज ती लग्न झाल्यापासून रोज ऐकत आली होती. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती: तुमच्या हाडांचे आम्ही ढोल करू. मामीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्या हॉलमध्ये सिनेमा नीट कळत होता तो तिलाच. बंदुकीच्या अकलेला ती फिसकन हसली. टेम्पोला पुढच्या रांगेतला एक जण खदखदला, कोकणातलाच असणार. मग आवाज जरा खाली आला. ह्या लेकराचा तोंड एकदा पडद्यार दिसांदे. घरच्या लक्ष्मीक पटांदे.

खाली लिहून आलं: तुमच्या बायका विधवा होतील.

"व्हय म्हाराजा!" मामी म्हणाली. पडद्यावरच्या सगळ्या जमावाच्या वर ऐकू गेलं. लोक वळून बघायला लागले. मामाने अंधारात खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि मला रडू येत होतं, ते मी हसण्यात घालवलं.

मग हल्ला झाला. गोळी सुटली. मामा वळला, कोसळायला लागला, मुखवट्याची दोरी सुटली, मुखवटा सरकला, कपाळाची माती दिसली, एक भुवई दिसली...

आणि पडदाभर नायक आला. नायकाला माणूस मारल्याचं दुःख होत होतं. त्याच्या निळ्या डोळ्यांत पाणी जमलं, गालावर आलं, हनुवटीपर्यंत पोचलं, तरी कॅमेरा हलेना.

मामी उभी राहिली.

"ए मेल्या, बाजूक हो! आमचे ह्ये मरतत थंय! रडतस काय, बाजूक हो आधी!"

मागून कोणीतरी शुकशुक केलं, कोणीतरी टाळी वाजवली. मामाने तिचा पदर ओढला.

"बस गो. मी मेलंय कवाच."

"असे कसे मेलात?" मामी पडद्याकडे बोट रोखून म्हणाली. "माजा बघून झाला नाय अजून!"